पान अकरावर विनोद नसावा

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
हातपंप देखभाल पथक,
लातूर, जि. लातूर.

विषय : ‘आपला हातपंप’ या माहितीपुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत पानोपानी विनोद घालण्याबाबत, विशेषतः पान अकरावर न घालण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. २० जानेवारी १९८६ चे पत्र, ज्यास माझ्याकडून आजतागायत उत्तर गेलेले नाही.

महोदय,

१. सदर पत्र मला वेळेवर मिळाले होते. पुस्तिकेतील वॉशरचे वाक्य गावोगावी आवडले, तरी नव्या आवृत्तीत प्रत्येक पानावर तसाच एक विनोद द्यावा, असे आपण त्यात कळविले होते. सोबत नमुन्याचे काही विनोदही होते. उत्तर देण्यासाठी मी दोनदा एस.टी.ने लातूरला आलो आणि आपल्या दारावरची पाटी वाचून परत गेलो. जिल्ह्याचे ठिकाण धाराशिवला होते तेव्हा लांबचे कारण सांगता येई. आता नवा जिल्हा झाल्याने तीही सोय राहिली नाही.

२. ज्या वाक्याची आपण स्तुती केली, ते असे : “चामड्याचा नवा वॉशर तेलात भिजवूनच बसवावा. नवी वहाण तेलाशिवाय चावते. वहाण एकट्याला चावते, वॉशर साऱ्या गावाला.” हे वाक्य माझे नाही. ते माझी पत्नी कै. रत्नम्मा हिचे आहे. मी पुस्तिका लिहीत असताना ती भाकरी थापता थापता बोलली, मी फक्त उतरवून घेतले. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, पण वर्ग कधी हसला नाही. छापील पुस्तिका पाहायला ती राहिली नाही.

३. तरीही आज्ञेप्रमाणे मी काही विनोद तयार केले व घरी मोठ्याने वाचून पाहिले. परंतु एकट्याने वाचलेला विनोद बरा की वाईट, हे कळत नाही. म्हणून आमच्या गल्लीतील हापशावर सकाळी जाऊन बसू लागलो. प्रथम फार संकोच वाटला. रांगेतील सरजाबाई यांनी विचारले, “मास्तर, घागर कुठंय? का नुस्ता कागुदच भरून नेताव?” बाया हसल्या. माझ्या विनोदांना त्यानंतर कोणी एवढे हसले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

४. आपल्या नमुन्यातील पान अकरासाठीचा, म्हणजे ‘पाणी न आल्यास काय करावे’ या पानासाठीचा, विनोद असा होता : “दांडा मारूनही पाणी नाही? सासूबाईंना पाठवा, त्या दगडालाही घाम फोडतात.” तो मी वाचला त्या दिवशी हापसा बरा चालत होता. सर्वजणी हसल्या, एक सासूबाईही हसल्या. पुढे चैत्रात पाणी खाली गेले. दांडा नुसता खडखडू लागला. माझ्या गाढवपणाने मी तोच विनोद पुन्हा वाचला, कारण तो चालतो अशी माझी नोंद होती. कोणी हसले नाही. सरजाबाई दांडा न सोडता म्हणाल्या, “पाणी येतंय तवर हसू येतंय, मास्तर. आता वाचू नगा.”

५. साहेब, विनोद तोच होता, वाचणाराही तोच. वॉशरचे पान मिस्त्री सवडीने उघडतो. तिथे हसला तर तेलाची गोष्ट त्याच्या ध्यानात राहते. पान अकरा जो उघडतो त्याची घागर रिकामी असते. त्याला तिथे फक्त काय तपासावे, कोणाला कळवावे व तोवर पाणी कोठे मिळेल एवढेच सांगावे. तसेच हसायचे तर हापशाला हसावे. पाण्याला आलेल्या बाईला हसू नये. महिनाअखेर पुस्तिका छपाईला जाणार असे ऐकतो. तरी पान अकरा कोरडेच ठेवावे, रत्नम्माचे वाक्य आहे तिथे राहू द्यावे, आणि बाकी पानांवर माझ्याकडून विनोदाची अपेक्षा ठेवू नये, ही विनंती. माझे नाव गाळले तरी चालेल.

६. उत्तरास विलंब का झाला, हेही सांगणे भाग आहे. उत्तर गेले की विनोद-तपासणीचे काम संपेल. काम संपले की हापशावर बसण्यास मला काही कारण उरणार नाही. घरी बोलायला कोणी नाही. सबब, तिसरी आवृत्ती निघो वा न निघो, सदर तपासणी पुढे चालू ठेवण्यास आपल्या कार्यालयाने लेखी परवानगी द्यावी. मानधन नको.

उत्तराची घाई नसलेला, पण वाट पाहणारा,
आपला नम्र,
गुरुबसप्पा मल्लिकार्जुन हालकुडे
सेवानिवृत्त शिक्षक, रेणापूर
दि. १२ मे १९८६

सोबत : नमुन्याचे विनोद (परत).

ता. क. : पाकीट चिकटवून टपालात टाकायला निघालो असता हापशावर सरजाबाईंनी “कसला कागुद?” म्हणून विचारले. खोटे बोलता येईना, म्हणून पाकीट फोडून कलम ६ वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “हिथं बसायला सायबाचा कागुद लागतोय व्हय? बसा की. येताना घागर तेवढी आणा, तुमचीबी भरू.” सबब कलम ६ रद्द समजावे. कलम ५ मात्र कायम आहे. पाकिटास पुन्हा खळ लावली आहे व आत्ता, हापशासमोरील पेटीत, टाकत आहे.