भिंतीशी बोलणारी

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. हिचे गुडघे कुरकुरतात, त्यांच्याबरोबर हीसुद्धा.

सकाळपासून एका वाक्याची खरी किंमत काढतोय. एक ठरलेलं लग्न मोडलं. आईने शेजारीपाजारी जाणं सोडलं. तू घर सोडलंस, आणि एकतीस वर्षांत आपली भेट तीनदा झाली, तीही कोणीतरी गेल्यावर. पाच शब्दांच्या मानाने हे फारच झालं. कुठलं वाक्य ते सांगतो, पण आधी बातमी.

तुझ्या लेकीसाठी सांगून आलेल्या मुलाचे वडील काल दुकानात आले होते. मामा म्हणून माझ्याकडे चौकशी. दुकान म्हणजे तेच, आपल्या घराला लागून असलेलं सुतारकामाचं. मालकाच्या मागे मी घेतलं, वाढवलं. आता चौदा कारागीर आहेत. करवतीच्या आवाजावरून पातं बोथट झालंय हे मी पाठमोरा सांगतो. या कानांतून काही सुटत नाही, असं गिऱ्हाइकंही म्हणतात.

गृहस्थ चहा संपल्यावर मुद्द्यावर आले. "राग मानू नका. मुलगी लाखात एक आहे. पण तिची आई म्हणे तरुणपणी भिंतीशी बोलायची?"

"बोलायची की. आणि भिंत उत्तरं द्यायची."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे?"

"म्हणजे मी. पलीकडे मी होतो."

मग त्यांना सगळं सांगितलं. काही म्हणता काही राखलं नाही.

सांगता सांगता मलाच त्या दुपारी दिसायला लागल्या. बाबांनी शाळेतून काढून मला इथे रंधा मारायला लावलेलं. मालकाचा कायदा असा, की हाताखालच्याने आकडेमोड शिकायची नाही. शिकलेला उद्या आपलंच दुकान थाटतो. (बिचारा चुकला नव्हता.) आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडे आपलं स्वयंपाकघर. तू भांडी घासता घासता विचारायचीस, "सात नव्वे?" मी लाकडावर सहा ठोके मारून थांबायचो, मग तीन. "शाब्बास रे वाघा!" म्हणून तू अशी खळखळून हसायचीस की हातातला रंधा आपसूक पुढे सरकायचा. काटकोन, टक्के, अपूर्णांक, सगळं त्या फळ्यांतून आलं. अजून ओल्या भुशाचा वास आला की मला पाढे आठवतात.

बाहेरून दिसायचं ते एवढंच: वयात आलेली मुलगी भिंतीला प्रश्न विचारते आणि स्वतःच शाबासकी देते.

मग ज्याला त्याला कारण सापडलं. मास्तर म्हणाले, मुलीच्या जातीने फार वाचलं की असं होतं. डॉक्टरांनी रक्त कमी ठरवून कडू औषध दिलं. आत्या म्हणाली, "घराण्यातच आहे." घराणं आईच्या माहेरचं, हे वेगळं सांगायला नको. शेजारणी म्हणाल्या, लग्न झालं की उतरेल. आणि ज्यांच्याकडे लग्न ठरलं होतं ते म्हणाले, उतरल्यावर बघू. दुकानात डोकावून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही. आता माझी लेक कानात फोनची बटणं घालून अंगणभर हातवारे करत बोलते. तिला कोणी औषध देत नाही.

तू माझं नाव घेतलं नाहीस. माझं काम जाईल म्हणून कडू औषध गिळलंस. आणि मी?

मालकाने एकदा विचारलं होतं, "काय रे, तुझी बहीण बोलते कोणाशी?" मी मान वर न करता म्हणालो, "तिला एकटीनेच बोलायची सवय आहे." हेच ते वाक्य. मालकिणीने संध्याकाळपर्यंत त्यातली 'सवय' काढून 'खूळ' घातलं. पण लाकूड माझंच होतं.

हेही त्यांना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करत बसले. मग म्हणाले, "तेव्हा पोरगे होतात, समजलं. पुढे मोठे झालात की!" मी रिकामे कप उचलले. उठताना म्हणाले, "आमचा होकार कळवा. रविवारी विहीणबाईंना भेटायला आम्हीच जातो."

ताई, त्यांच्याबरोबर मीही येऊ का? तुझ्या दारात उभं राहून, त्यांच्यासमोर, तुझ्या लेकीसमोर हे सगळं पुन्हा सांगायचंय. तू 'ये' म्हणालीस तरच.

पण हो म्हणण्याआधी एक ऐक. त्यांना सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. तू गेलीस त्या दुपारी, ट्रंक भरून झाल्यावर, भिंतीशी आलीस. "आहेस ना रे?" म्हणालीस. थांबलीस. पुन्हा विचारलंस. मालक जेवायला गेला होता, करवत बंद होती, दुकानात मी एकटाच होतो.

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी ठोका दिला नाही.

धाकटा