खिडकीएवढा गुन्हा

१४ ऑक्टोबर २०२४

अडले. उंची, वजन, उत्पन्न, ‘मूल का हवे आहे’ — दत्तकाच्या अर्जातले सगळे रकाने भरून झाले (शेवटच्याला जागा पाच ओळींची होती, मी वेगळी साडेतीन पानं जोडली) — आणि मग तो प्रश्न. आपणांस कधी फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?

झाली आहे. त्या शिक्षेवर एकोणीस वर्षं लेख पाडले आहेत मी.

भाग्यश्री शेजारी बसून शेंगा सोलत होती. बहीण धाकटी, पण सल्ले थोरलीचे. ‘‘ताई, ‘नाही’ लिही गं. कोण बघतंय?’’ म्हणजे मुलगी घरात आली की तिला खोटं बोलू नये म्हणून मी दटावणार, आणि तिच्या येण्याच्या पहिल्याच कागदावर माझी थाप! शिवाय थाप तरी टिकाऊ हवी. ही पोलीस पडताळणीतच गळून पडणार.

१५ ऑक्टोबर

संस्थेतल्या बाईंना फोन केला. गुन्हा केवढाही असो, शिक्षा झालेल्याला मूल दत्तक मिळत नाही. आणि एकट्या बाईने पंचावन्न पूर्ण व्हायच्या आत नोंदणी करायची. मी २ फेब्रुवारीला पंचावन्न. साडेतीन महिने. कचेरीत एवढ्या वेळात शिक्क्याची शाईसुद्धा वाळत नाही.

१९ ऑक्टोबर

वकील मिळाला. प्रज्ञेश नाव, वय एकतीस, चेहऱ्यावर एकही भाव फुकट जाऊ देत नाही.

त्याला सांगितलं ते असं. २००५. भाऊंचा वाढदिवस. कोण भाऊ, हे आता भाऊंनाही आठवत नसेल. फ्लेक्स बांधला तो थेट आमच्या पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. भरदुपारी दिवा लावून पोळ्या. तीन दिवस विनंती केली. चौथ्या दिवशी गजांतून हात बाहेर काढून शिवणाच्या कात्रीने खिडकीएवढा चौकोन कापला. भाऊंच्या गालातून ऊन आलं ते थेट परातीत. ज्यांनी पदरमोड करून फ्लेक्स लावला होता ते कार्यकर्ते दत्तोबा चौकीत गेले. नुकसानीचा गुन्हा. कोर्टात हवालदार कानाशी म्हणाला, ‘‘बाई, कबूल म्हणा, दंड भरा, जेवायला घरी.’’ कबूल म्हटलं. जेवायला घरी.

‘‘मॅडम, हे कुठे लेखी कबूल केलंय का तुम्ही?’’

‘‘एकदाच.’’

‘‘बरं.’’

‘‘पुस्तकात. मुखपृष्ठावर कात्री आहे.’’

त्याने पेन खाली ठेवलं. ‘‘खप?’’

‘‘नाही.’’

‘‘चला, एक मुद्दा तरी आपल्या बाजूने.’’

२४ ऑक्टोबर

वाट आहे! सेशन्स कोर्टात अर्ज करायचा, आणि खुद्द तक्रारदाराने न्यायाधीशांपुढे ‘आमची तडजोड झाली’ म्हणायचं. कोर्टाला पटलं तर शिक्षा रद्द — जणू झालीच नव्हती.

म्हणजे दत्तोबांनी म्हणायचं. ज्यांना मी एकोणीस वर्षं ‘फ्लेक्सच्या डाव्या कोपऱ्यातले दत्तू’ म्हणून सदरात नाचवलं, त्या दत्तोबांनी.

हसू आवरत नाही. देव असलाच तर तो विनोदी लेखक आहे, आणि माझ्यापेक्षा बरा.

३१ ऑक्टोबर

विलंब माफीचा अर्ज. ‘उशीर का झाला?’ मी खरं ते लिहिलं : मला माझा गुन्हा आवडत होता. प्रज्ञेशने न बोलता खोडलं.

६ नोव्हेंबर

काल दूधवाल्या रतनला सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटर दूध जास्त. संध्याकाळी फोन करून रद्द केलं. आज सकाळी पुन्हा सांगितलं. म्हणाला, ‘‘बाई, एकदा काय ते ठरवा. गोठ्यात म्हैस ताटकळलीय.’’

कंपासपेटीही घेतली. मुलीचा पत्ता नाही, नाव नाही, अर्ज नाही. कर्कटक मात्र आहे.

११ नोव्हेंबर

दत्तोबांकडे जायचं म्हणून निघाले आणि भाजी घेऊन परत आले.

१२ नोव्हेंबर

आजही भाजी. फ्लॉवर दोन झाले.

१३ नोव्हेंबर

गेले.

भाऊ कधीच मावळले. दत्तोबांचं आता आमच्या बिबवेवाडीतच हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे तोलत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘या. कात्री हवी का?’’

हजरजबाबी! मला एकोणीस वर्षं हा माणूस मठ्ठ वाटत होता.

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मूल, फॉर्म, दोन फेब्रुवारी. त्यांनी गिऱ्हाइकाला खिळे दिले, हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं.

‘‘तुम्ही काय कापलं, म्हाईत हाय का?’’

‘‘भाऊंचा गाल.’’

‘‘गाल वर हुता. खाली काय हुतं?’’

खाली त्या पोस्टाच्या तिकिटांएवढ्या चेहऱ्यांची रांग. डावा कोपरा.

‘‘माझा पहिला फोटू, ताई. आयला लोणीहून आणली बघायला. लोणी काळभोरहून, यष्टीनं. नवं लुगडं नेसून. मी बोट दाखवलं, त्ये बघ तिकडं. तिथं तुमचा कुकर दिसत हुता.’’

मी स्टुलावर बसले.

‘‘आय तशीच माघारी गेली. पुन्हा पुण्याला आली न्हाई. नव्वदीला टेकलीय. लोणीलाच असती.’’

एकोणीस वर्षं मी लिहीत होते की दत्तू भाऊंच्या गालासाठी चौकीत गेले.

म्हटलं, मी हे लिहिते. माफी मागते, सदरात, जाहीर.

‘‘न्हाई न्हाई. तुम्ही लिवलं की लोकं हसत्यात.’’ मग खिळ्यांचं खोकं बंद करत : ‘‘पोरगी केवढी असंल?’’

‘‘आठाच्या पुढची.’’

‘‘सही कुठं करायची?’’

येताना रस्ता नीट दिसत नव्हता. धूळ फार असते त्या चौकात.

९ जानेवारी २०२५

तारीख लागली : २१. वाढदिवसाला बारा दिवस उरतील. प्रज्ञेश म्हणतो, पुढची तारीख पडली तर मात्र... वाक्य पुरं करत नाही. फी वाक्यांवर नसावी.

२१ जानेवारी

दत्तोबा इस्त्रीच्या सदऱ्यात माझ्याआधी हजर. सोबत डब्यात पोळी-भाजी. ‘‘कोर्टात भूक लागती. म्हाईत हाय मला.’’

न्यायाधीशांनी विचारलं, दबाव आहे का? आमिष? दत्तोबा म्हणाले, ‘‘न्हाई साहेब.’’

‘‘मग तडजोडीला एकोणीस वर्षं का लागली? दोघं राहता कुठे?’’

‘‘बिबवेवाडी.’’

‘‘दोघंही?’’

‘‘चालत सात मिन्टं, साहेब.’’

साहेबांनी फाइल चेहऱ्यापुढे धरली. फाइल बराच वेळ हलत होती.

तडजोड मंजूर. शिक्षा रद्द. निर्दोष!

बाहेर पायऱ्यांवर भाग्यश्री मला मिठी मारायला आली आणि चुकून प्रज्ञेशला मारली. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच एक भाव दिसला. भीतीचा.

३० जानेवारी

आदेशाची प्रत आली. तो रकाना : ‘नाही.’ खरंखुरं, शिक्क्याचं ‘नाही’. नोंदणी झाली. तीन दिवस हातात राखून — मी आयुष्यात एवढी वेळेवर कधीच नव्हते.

दूध अर्धा लिटर जास्तच राहू दे.

१७ ऑगस्ट

रांगेतच. दत्तोबा दुकानातून हाक मारतात, ‘‘आली का?’’ मी म्हणते नाही. सात मिनिटं, रोज.

२२ मार्च २०२६

काल ती आली. आज सकाळी उठले तर स्वयंपाकघरात काळोख. बाहेर जाऊन बघितलं. खिडकीवर फ्लेक्स, कडेपासून कडेपर्यंत. ‘मनःपूर्वक स्वागत’. तिचं नाव नाही, फोटो नाही — कायद्यात बसत नाही, विचारून घेतलं होतं म्हणे प्रज्ञेशला. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात, तिकिटाएवढे, दत्तोबा.

कात्री वरच्या फळीवर ठेवली. दिवा लावला.

ती म्हणाली, ‘‘दिवसा दिवा?’’

म्हटलं, असू दे. लोणीहून एक आजी येणार आहेत, बघायला.