बिनडोळ्यांचं तोंड

अप्पा, काल रोह्याशेजारच्या अष्टमी गावात मी एका म्हातारीचं तोंड काळ्या कागदातून कापलं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना.

पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे डोळे आखायचात, दम रोखून, एका रेघेत. मी नऊ वर्षांची. तुमच्या शेजारी बसून मी रंगकाम करणाऱ्या काकांचं नाक-हनुवटी कागदात कापलेली. काका खिदळले, "अगो, माझंच थोबाड हाय हे!" तुम्ही मात्र कागद उलटासुलटा करून पाहिलात. "डोळे नाय तर तोंड कसलं गो? सावली कधी जीव धरते काय?" एवढं म्हणून मान परत मूर्तीत. ते बोल मी लग्नानंतर रोह्यालाही घेऊन आले. पण कात्री काही सुटली नाही. कागदांची रद्दी करत करतच कळलं की कात्री जागची हलवायची नसते, कागद फिरवायचा. गळ्यापासून निघायचं ते कपाळ येईपर्यंत थांबायचं नाही.

अष्टमीतल्या या चाचींनी जन्मात फोटो काढू दिला नाही, चेहरा उतरवणं त्यांना पटतच नाही. मुलगा आखातात, आईचं काहीतरी रूप पाठवा म्हणून हटून बसलेला. शेवटी सून मला घेऊन गेली.

"डोले काढशील काय गो?" चाचींनी आधी तेच विचारलं.

"नाय चाची. डोळे मला येतच नाहीत."

"मग बसते. पण एकदाच हां! बिघडला तर परत बसायची नाय."

 चाची खिडकीशी एक बाजू माझ्याकडे करून बसल्या आणि मी कागद फिरवत गेले. पुढे आलेली हनुवटी, दात गेल्यामुळे आत बसलेले ओठ, डोक्यावरच्या ओढणीची चुणी. सुनेनं मुलाला व्हिडिओ कॉल लावून कागद फोनसमोर धरला.  

पलीकडून मुलगा ओरडलाच, "अम्मीच हाय! अशी हनुवटी पुढं काढली की शिवी आलीच समज!"

"आलीच, मेल्या! घरी कधी येतोस ते सांग!" चाची खिडकीपाशी बसूनच कडाडल्या.

धरला की नाही सावलीनं जीव? साठी उलटलेली मी, नाचायचीच तेवढी बाकी होते.

"शिकवलं कोणी गो तुला?" चाचींनी विचारलं, आणि मी पटकन बोलून गेले, "वडिलांनी."

तुम्ही तर कधीचेच गेलात, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील माझ्याकडेच. खोटं बोलले, अप्पा. पण उद्या कोणी विचारलं तरी तेच सांगेन.