मालिकेच्या वेळची खुर्ची

आई,

आपल्या पहिल्या टीव्हीची खरी किंमत मी परवा काढली. पावतीवरचे पैसे धरत नाही, ते तू तुझ्या पगारातून केव्हाच फेडलेस. पावतीबाहेरचा खर्च असा: दर आठवड्याला एक करपलेली भाजी, दादांच्या हातून काढून घेतलेलं उलथनं, आणि दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे नंबर जोडून आल्यावर तुला भिंतीला टेकून मिळायचा तो अर्धा तास.

दादांच्या कारखान्याला टाळं लागलं आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, त्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते. सकाळी मंडईत जायचे, वांगी दाबून दाबून घ्यायचे आणि वाटेत कुणी भेटलं तर न विचारताच सांगायचे, "हिनं यादी दिलीय." तू यादी कधी दिली नाहीस. तुला वांग्यातलं काही कळतच नव्हतं. घरात यावरून कधी वाद झाला नाही. दादांच्या हाताला चव होती, तुझ्या हाताला नोकरी, संपलं. अडचण आली ती टीव्ही आल्यावर. मजल्यावर टीव्ही आपलाच, त्यामुळे ती कौटुंबिक मालिका लागायची वेळ झाली की अख्खा मजला आपल्या दोन खोल्यांत. आणि मालिकेत काय, तर नवरा ऑफिसातून येतो, इस्त्रीची साडी नेसलेली बायको त्याची बॅग घेते, पाणी देते, तो पेपर उघडतो, ती आत जाऊन चहा टाकते. दर भागात तिच्या हातून काहीतरी घोळ होतो, तो रागावतो, शेवटी गजरा आणतो. तू दारातून पाहत पुटपुटायचीस, "बॅग रिकामी आहे. ठेवताना आवाज ऐक." माझे कान तुझेच.

तर मजला यायच्या आधी अदलाबदल व्हायची. दादा हात पुसून खुर्चीत, हातात पेपर. तू पदर खोचून स्टोव्हपाशी. मी पहाऱ्याला, पण उठायचीही गरज नसे. शेजारच्या काकू सगळ्यांत आधी यायच्या आणि त्यांना दमा. जिन्यापाशी आल्या की त्यांचा खोकला सुरू. तो माझ्या कानांवर पडला की मी म्हणायचो, "आल्या." दादा म्हणायचे, "अगं, आच बारीक ठेव," आणि खुर्चीत जाऊन बसायचे. तू आच कधी बारीक ठेवली नाहीस. लोक टीव्हीकडे बघून हसत असताना आतून करपल्याचा वास यायचा आणि दादा पेपरामागे तोंड वाकडं करून बसलेले. काकूंची मला दया यायची. खाऊच्या पैशांतून मी त्यांना मंडईतून ज्येष्ठमध आणून दिलं होतं. त्यांनी ते हसत घेतलं.

त्याच कानांवर मी पुढे धंदा उभा केला. बिबवेवाडीत टपरीएवढ्या जागेत सुरुवात, आज वारज्यात दुकान. टीव्ही चालू करायचा, आवाज ऐकायचा आणि मागचं झाकण न उघडता बिघाड सांगायचा. मालिकेतलं हसू आधीच रेकॉर्ड करून भरलेलं असतं, त्यात तीच बाई पुन्हा पुन्हा हसते, हेही मजल्यावर सगळ्यांत आधी मीच ओळखलं होतं. या कानांना आजवर कुणी फसवलं नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. आणि आम्ही तिघांनी मिळून अख्खा मजला कसा फसवला, ही गोष्ट तर मी घरात इतक्यांदा सांगितलीय की तुझ्या नातीला पाठ आहे.

तिच्याकडेच गेल्या आठवड्यात पंचाईत झाली. बाळाला बघायला जावयाने नोकरी सोडली आहे. घर तो सांभाळतो, ती कमावते. बाळाच्या वाढदिवसाला माझ्या धंद्यातले लोक, नातेवाईक, सगळे येणार. मी जावयाला बाजूला घेऊन म्हटलं, "पाहुणे येतील तेव्हा अर्धा तास तुम्ही बाहेर बसा. आत ती बघेल." तो म्हणाला, "बसतो की बाबा. पण आमटी?" मुलीने ऐकलं. तुझी नात आहे, ऐकणारच. म्हणाली, "बाबा, तुला आमची लाज वाटते का?" मी म्हटलं, तसं नाही गं, लोक बोलतात. "मग तुझे लोक तुझ्याच घरी बोलाव. इथे बोलवायचे तर हा आत असेल." दोन दिवस फोन नाही. शेवटी जावईच मध्ये पडला, म्हणाला एक दिवस बसतो, त्यात काय. ती कबूल झाली, पण माझ्याशी बोलली नाही.

रविवारी जावई सोफ्यावर, हातात पेपर. तो पेपर धरायची सवय नसलेला माणूस, दादांसारखाच अवघडलेला. मुलगी आत. मी काकूंनाही बोलावलं होतं. त्या आता मुलाकडे राहतात, काठी घेऊन चालतात. लिफ्टचं दार वाजलं आणि पाठोपाठ खोकला. मी आपोआप म्हणालो, "आल्या."

काकू आत आल्या, जावयाकडे पाहिलं, नाकाने वास घेतला. आमटी लागली होती. "जा बाबा आत," त्या त्याला म्हणाल्या, "तुझी आमटी तूच बघ." मुलगी आतून दारात येऊन उभी राहिली. मी विषय बदलायला म्हटलं, "काकू, दमा अजून आहेच का?"

"मला कसला दमा? आजचाही खोकला सवयीचा. तुझ्या बापाला खुर्चीपर्यंत पोचायला वेळ नको का? सगळ्या मजल्याला सांगून ठेवलं होतं मी, माझ्या आधी कुणी जिना चढायचा नाही म्हणून." मग जावयाकडे बोट करून, "हा कुणासाठी बसलाय?"

मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी जावयाच्या हातातला पेपर घेतला, तो आत गेला. बाकीचे पाहुणे आले तेव्हा तोच वाढत होता. एकदोघांनी विचारलं, मी म्हटलं, "स्वयंपाक त्याचाच आहे. आमटी तेवढी माझ्यामुळे लागली." मुलगी तेव्हा हसली. भरलेलं हसू नव्हतं, एवढं मला कळतं.

तुला काकूंचं ठाऊक होतं का, एवढंच विचारायला हे लिहायला घेतलं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कानांवर घेणारी तू, खऱ्या आणि खोट्या खोकल्यातला फरक तुला कळला नसेल असं वाटत नाही. कळला असेल, तर फसवला गेलेला त्या मजल्यावर मी एकटाच. पत्र दुकानाच्या खणात ठेवतोय, पाठवणार कुठे.

आज सकाळी एक टीव्ही दुरुस्तीला आला. मी आधी झाकण उघडलं.