दोनदा विचारावे

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर घातला तर उठवायला माणूस लागेल). तुझे गुडघे कसे आहेत? कालच फोनवर हे विचारलं होतं आणि तू “आहेत” एवढंच म्हणालीस, पण पत्राची सुरुवात कशानं तरी करायलाच हवी. इकडे सर्व क्षेम. आता क्षेम म्हणजे नेमकं काय, ते मात्र सध्या मला विचारू नकोस.

लेकीला मुलगा झाला हे तुला कळलंच आहे. यायला अजून दीड महिना होता, पण कुठेही वेळेआधी पोचून यजमानांची धांदल उडवायची माझी खोड नातवानं नेमकी उचलली. आता तो काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलाय. अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. (मला तर प्रथम समुद्रकिनारी ऊन खात पडलेले आमचे निवृत्त साहेबच आठवले.) कावीळ झाली आहे म्हणून हा दिवा. पिवळ्यावर निळा का, असं मी विचारलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी मान डोलावली, कळलं काहीच नाही.

तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी बाळांच्या हिशेबात गेली. हजार जन्मांमागे किती बाळं वर्षाच्या आत जातात, तो आकडा काढणारा माणूस मी. मोठे लोक माझा आकडा हातात घेऊन भाषणं ठोकतात. ती हजार बाळं मला कधी जड गेली नाहीत, आणि हे एकच, भिजल्या रुमालाएवढं, छातीवर ठेवलं तेव्हा श्वास घ्यायचा की नाही तेच समजेना. (छातीवर का, तर लेकीला अजून ताप आहे, जावयांना सर्दी, आणि दिवा बंद असतो तेवढा वेळ बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब द्यायची असते. मी सदरा काढला. सिस्टर म्हणाली, “आजोबा, हलू नका.” हलतो कसला! त्याची बोटं माझ्या छातीच्या केसांत अडकली होती. डोळ्यांत पाणी आलं, ते काही सगळंच केस ओढल्यामुळे नव्हे.)

परवा तर मी फजितीच करून घेतली. आमच्या तक्त्यात पहिल्या आठवड्याचा रकाना वेगळा असतो, कारण सर्वांत जास्त बाळं तिथेच जातात. नातवाचा आठवडा पुरा झाला आणि मी बाहेरच्या बाकांवरच्या झाडून सगळ्यांना चहा पाजला. लोक म्हणाले, “घरी सोडलं वाटतं?” मी म्हटलं, “नाही, रकाना ओलांडला!” चहा हातात धरून सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एक आजीबाई हळूच जावयांना विचारत होत्या, यांना सांभाळायला घरी कोणी आहे का. सिस्टरला कप द्यायला गेलो तर ती म्हणाली, “आजोबा, रकाने तुमच्या ऑफिसात. तो अजून पेटीत आहे.” मग तो कप मीच प्यालो.

काल सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. कावीळ उतरायला हवी तशी उतरत नाही. म्हणाल्या, “तुमच्या घरात पूर्वी एखादं बाळ असं पिवळं पडून गेलं होतं का? काही दोष रक्तातून येतात. तपासणीला पाठवलंय, पण घरचं कळलं तर आमचं काम सोपं होईल.” मी ठासून सांगितलं, “छे, आमच्याकडे असलं काही नाही.” बाहेर येऊन बाकावर टेकलो आणि मला माझीच एक सूचना आठवली. घरोघर जाऊन बायकांना ‘मुलं किती झाली, हयात किती’ असं विचारणाऱ्या आमच्या पोरींसाठी सूचना मीच लिहिली आहे: गेलेलं मूल लोक मोजत नाहीत, म्हणून दोनदा विचारावे. डॉक्टरीणबाईंनी मला एकदाच विचारलं.

असो. तू काळजी करू नकोस आणि इकडे येण्याची दगदग तर मुळीच नको. सगळं आमच्या आवाक्यात आहे. जावयांच्या शिंका कमी झाल्या, लेक आज अर्धा कप दूध प्यायली आणि माझा हरवलेला सदरा सापडला.

तुझाच,
वेंधळ्या

ता. क. बाळाला बघायला आलेल्या तुझ्या मुलाच्याच हाती पत्र देतोय, तो आज संध्याकाळी घरी पोचेल. वाचल्याबरोबर फोन कर. कालचा फोन मी खरं तर याचसाठी केला होता. तुझे गुडघे विचारले आणि ठेवून दिला.

आणखी ता. क. आपल्या दोघांच्या वयात एवढं अंतर का, असं लहानपणी मी जेवताना विचारलं होतं. आई ताटावरून उठून आत गेली आणि तू मला चिमटा काढलास. आज दुसऱ्यांदा विचारतोय. माझ्या आधी एक बाळ होतं ना, ताई? ते पिवळं पडलं होतं का? आणि तू त्याला मांडीवर घेतलं होतंस का, तेही सांग. ते डॉक्टरीणबाईंना नकोय, मला हवंय.

शेवटचा ता. क. वर ‘येण्याची दगदग नको’ असं लिहिलंय, तेवढं वाचू नकोस.