बोलायची मनाई

९ जुलै १९३४

मिरजेहून परत आलो. घशात गाठ आहे. डॉक्टर लहानसा आरसा घालून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही! घशाला विश्रांती दिली तर गाठ कापण्याजोगी राहील.

मी विचारलं, मी हायस्कुलात गणित शिकवतो, गप्प कसा राहू?

"हेसुद्धा विचारायला नको होतं तुम्ही."

१० जुलै

घरी पाटीवर लिहून सांगितलं. गुणाबाई अक्षर लावत लावत वाचते. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "म्हंजे माझ्यासंगंबी बोलणार न्हाईसा?" मी मान हलवली. ती चुलीकडं गेली. बराच वेळ तिकडंच होती.

१२ जुलै

हेडमास्तरांना चिठ्ठी दिली. रजा मागितली तर जागा जाईल हे त्यांनी न सांगताच सांगितलं. "दिवाळीपर्यंत बघू. पण वर्गात गडबड चालणार नाही."

१३ जुलै

फजिती. फळ्यावर अख्खं प्रमेय लिहिलं, मुलांनी अख्खं उतरवून घेतलं. तासभर खडूचा आवाज तेवढा. कुणाला काही कळलं का? विचारणार कसं!

२० जुलै

आज सिद्धता लिहिलीच नाही. नुसता प्रश्न लिहिला — दोन त्रिकोणांच्या दोन बाजू सारख्या, एक कोन सारखा. त्रिकोण एकरूप होतील का? खाली लिहिलं : एकमेकांना सांगा. आणि खुर्चीवर बसलो.

मुलं माझ्याकडं बघतात, मी मुलांकडं. शेवटी मागच्या बाकावरचा भरमा उठला. उचगावचा शेतकऱ्याचा पोर, रोज चालत येतो. दोन वर्षांत त्याचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकला नव्हता. "हुतील की. कोन कुठला का असंना, काय फरक पडतोय?"

निम्मा वर्ग व्हय म्हणाला. निम्मा न्हाय. तास संपला तरी भांडत होते!

२१ जुलै

तेच पुढं. नियम एकच लिहिला — दुसऱ्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं सांगायचं, मग खोडायचं.

अंजनी उठली. शहापूरच्या विणकरांची मुलगी, वर्गात मुली दोनच. भरमाचं म्हणणं तिनं नीट मांडलं. त्याला विचारलं, "असंच म्हणलास न्हवं?" मग फळ्यापाशी आली. कोन काढला, त्याच्या एका रेघेवर एक बाजू मापून घेतली. तिच्या टोकावर कंपास ठेवला आणि दुसऱ्या बाजूएवढा कंस फिरवला. कंसानं पायाची रेघ दोन ठिकाणी कापली.

"हितं टेकला तर एक त्रिकोण, हितं टेकला तर दुसराच. बाजू त्याच, कोन त्योच. एकरूप कुठं हाईत?"

भरमा फळ्याजवळ जाऊन बघत राहिला. मग सगळ्यांकडं वळून म्हणाला, "माझं चुकलं. कोन मधलाच पायजे."

कुणी रागावलं नाही. कुणी हसलं नाही. पंधरा वर्षं हे प्रमेय घसा फोडून शिकवलं — कोन मधलाच का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

१४ ऑगस्ट

घसा जास्त दुखतो. गिळताना कानापर्यंत कळ जाते. भात पातळ करून घेतो.

वर्गाला आता मी प्रश्न लिहून देतो आणि बसतो. हेडमास्तर दोनदा दारात येऊन गेले. "हा वर्ग आहे की शनिवारचा बाजार?"

३ सप्टेंबर

वजन उतरलं आहे. कोट लोंबतो. गुणाबाईनं दोन्ही बाजूंनी आत घेतला. घरात आता तीही गप्पच असते. मी एकटा गप्प, तर ती कुणाशी बोलणार?

१९ सप्टेंबर

काय होऊन बसलं!

हेडमास्तर तासाला येऊन बसले. भरमाला उभं केलं, प्रमेय म्हणायला सांगितलं. तो म्हणू लागला, मधेच थांबला. "सर, ही पायरी कशी आली त्ये सांगू का आधी? मग —"

"विचारलं तेवढं म्हण!"

"पर सर, का त्ये कळल्याबिगर —"

थोबाडीत बसली. मग दुसरी. भरमा बाकावर आपटला, कानातून रक्त. हेडमास्तरांचा हात परत वर गेला.

मी ओरडलो. "हात लावू नका त्याला!" मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. फाटक्या पत्र्यासारखा.

हेडमास्तर सावकाश वळले. "म्हणजे बोलता येतं तर तुम्हाला!" साऱ्या वर्गादेखत. "इतके दिवस सोंग केलंत?"

तोंडावर रुमाल धरला होता. लाल झाला.

२० सप्टेंबर

ऑफिसात बोलावलं. "दिवाळीनंतर बोलत या. नाहीतर येऊच नका."

भरमा आला नाही.

२४ सप्टेंबर

भरमा नाही. बाकीचे हाताची घडी घालून बसतात. प्रश्न लिहिला तर तोही उतरवून घेतात.

२७ सप्टेंबर

आज मुद्दाम फळ्यावर खोटी सिद्धता लिहिली. अ आणि ब सारखे धरले, पायरी पायरीनं खाली आलो — शेवटी एक बरोबर दोन! खाली रेघ मारली आणि वळून बघितलं. सगळ्यांनी वहीत सुबक अक्षरात उतरवलं होतं. एक बरोबर दोन.

शेवटी अंजनीनं टाक खाली ठेवला. उठली नाही. बसूनच, हळू — "मास्तर, ह्ये खोटं हाय."

कुठं खोटं आहे ते तिला सापडेना. आणखी तिघंचौघं पुढं आले. चौथी पायरी, नाही, दुसरी. कुजबूज, मग आवाज. मी दार लावून घेतलं.

४ ऑक्टोबर

भरमा आला. डाव्या कानात कापूस. त्या बाजूनं ऐकू येत नाही म्हणतो. त्याच्या आप्पांनी वैद्याला दाखवलं, "बहिरेपण राहील की जाईल सांगता येत न्हाय" असं वैद्य म्हणाले.

मुलांनी त्याला ती सिद्धता दाखवली. सगळे आपोआप त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बोलत होते. त्यानं बराच वेळ बघितली. "अ वजा ब नं भागलंय की हितं. दोनी सारखं म्हंजे त्ये शून्य! शून्यानं भागलंसा, मास्तर."

वर्गानं केवढा दंगा केला. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिलो. पुसून झाला होता तरी.

२९ ऑक्टोबर

सुटीआधीचा शेवटचा तास. काही चांगलं लिहावं म्हणून खडू हातात घेतला. पण पुढच्या बाकावरच्या शामूचं आणि अंजनीचं वर्तुळावरून आधीच जुंपलं होतं. खडू ठेवला.

५ नोव्हेंबर

उद्या मिरज. गुणाबाईनं दशमी बांधून दिली. मला गिळवत नाही हे तिला माहीत आहे, तरी बांधली.

६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. लगेच बाहेर काढला. मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या.

ऑपरेशन करायचं नाही. गाठ खाली उतरली आहे. मी पाटीवर लिहिलं — त्या दिवशी ओरडलो म्हणून? ते म्हणाले, नाही. त्यानं काही झालं नाही. गप्प राहूनही काही फरक पडला नसता. आधीच उतरली असणार.

मग पाटी माझ्या हातातून काढून घेतली. "आता ही नको. बोला. हवं तेवढं बोला."

७ नोव्हेंबर

गुणाबाईला सांगितलं, डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. तोंडानं सांगितलं, एवढंच. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, रडली, हसली, शेजारी राजाबाईंना साखर देऊन आली. "नोकरीबी ऱ्हाईल आता!" माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"बोला की! चार म्हैनं झालं, कायतरी बोला!"

"भूक लागली," म्हणालो.