गिअरबॉक्सला राळ

२० एप्रिल १९८६, रविवार
पिकअपखाली आज पुन्हा काळा डाग. गिअर ऑइल. गाडी जुनी आहे, पण माल अस्सल. चार मेला भाची कमळचं लग्न, मार्व्याला. नवरीला माझ्याच गाडीतून नेणार, असं सगळ्या नातेवाइकांत सांगून बसलोय. चौदा दिवस आहेत. मला दोन पुरेत. संकल्प: मेकॅनिकचं तोंड बघायचं नाही.

२२ एप्रिल
गाडीखाली तासभर पडून पाहणी. गळती कुठून ते कळलं नाही. म्हणजे किरकोळच असणार. बायको म्हणाली, गॅरेजला दाखवा. मंजुळाला मासळीतलं कळतं, मशीनमधलं नाही.

२५ एप्रिल
तेलाचा ओघळ शेजारच्या रुक्मिणीकाकूंच्या अंगणात गेला. सुकत घातलेल्या दोन चटया बोंबील वाया. काकू भांडल्या नाहीत. चटया गुंडाळल्या आणि आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मान वर करवत नाही.

२७ एप्रिल, रात्री
आयडिया! माझे वडील, आबा, पन्नास वर्षं चारकोप गावातल्या होड्यांचे सांधे कापूस आणि राळ घालून बुजवताहेत. त्यांच्या हातच्या होडीत पाण्याचा थेंब शिरत नाही. मग तेल बाहेर कसं येईल? तत्त्व एकच. हे कुठल्या इंजिनिअरला सुचलं नसेल.

२८ एप्रिल
आबांनी खालचे सगळे सांधे बुजवले. गाडीतली पत्र्याची तळपट्टी काढली तर गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक बारीक भोक. करंगळीही जाणार नाही. आबा म्हणाले, ज्याने ठेवलंय त्याने कशाला तरी ठेवलं असेल, राहू दे. मी म्हटलं, आबा, ही होडी नाही. ते हात धुवायला गेले तेव्हा मीच बुजवून टाकलं.

३० एप्रिल
दोन दिवसांत एक थेंब नाही. झकास. मंजुळाला मुद्दाम नेऊन जमीन दाखवली. तिने विचारलं, गाडी चालवलीत का? नाही चालवली. हा मुद्दा वेगळा.

४ मे, संध्याकाळी
वाट लागली. मार्वे रोडवर मागे बघितलं तर रस्ताभर तेलाची रेघ. मग घरघर, मग गिअर अडकला तो अडकलाच. भर उन्हात मुंडावळ्या बांधलेली नवरी रस्त्यावर. सगळं वऱ्हाड माझ्या तोंडाकडे बघतंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबांची राळ फसली."
आबा म्हणाले, "माझाच हात चुकला असंल."
कमळ मासळीच्या टेम्पोतून गेली. मुहूर्त गाठला म्हणे. मी गाडीपाशी थांबलो. कुणीतरी थांबायला हवंच होतं.

७ मे
शेवटी इंडस्ट्रियल इस्टेटमधला मेकॅनिक भीमराज. त्याने वरच्या भोकात तार घातली. फुस्स. म्हणाला, गिअरबॉक्स तापला की आतली हवा इथून निघते. इथे बूच बसलं की ती तेलालाच बाहेर ढकलते. मूळ दुखणं एका रबरी सीलचं होतं, एका सकाळचं काम. भोक कुणी बुजवलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधीच्या मालकाने.

१० मे
गावातल्या धाकूने त्याची होडी या वेळी सांधे बुजवायला दुसऱ्याकडे दिली. दरवर्षी आबाच करायचे. आबांचा हात आता राहिला नाही, म्हणाला, लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. आबा ओट्यावर राळेचं भांडं घासत होते. स्वच्छ झालं तरी घासतच होते. मला लाज वाटली.

११ मे, रविवार
आबांना सांगितलं, भोक मी बुजवलं होतं.
"बघितलं होतं मी," म्हणाले.
मग रस्त्यावर बोलला का नाहीत, विचारलं.
"पावणे होते रे. तुझी लाज गेली असती."
संकल्प: उद्या सकाळी उठल्या उठल्या धाकूकडे जायचं. सगळं खरं सांगायचं. चहासुद्धा नंतर.

१२ मे, सकाळी १०
चहा पिऊनच धाकूकडे गेलो. धाकू म्हणाला, बोल रे. मी विचारलं, होडीचं काम कसं चाललंय? म्हणाला, चाललंय. तू का आलास? म्हटलं, सहज.
परत आलो. आबा ओट्यावर होते. त्यांनी राळेचं भांडं बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.
गाडी आता एक थेंब गळत नाही.